उजवा डोळा अकोल्याला

एका माणसाला मी एकदा पटवून दिले होते की, त्याच्या डोळ्याने त्याला दगा दिला. डोळ्याने दगा दिला नव्हता. तो मी दिला होता. ही गोष्ट मी कित्येक वर्षे कुणाला सांगितली नाही. घरात सांगितली नाही, मित्रांना सांगितली नाही, आणि ज्याला पहिल्यांदा सांगायला हवी होती त्याच्यासमोर तर मी तिच्या आसपासचा विषयही निघू दिला नाही. आज मी चौपन्न वर्षांचा आहे. मुख्याध्यापक म्हणून मुलांना खरे बोलावे असे सांगण्याचे मला वेतन मिळते. म्हणून त्या माणसाविषयी लिहायला बसलो, तर सुरुवात या ओळींनीच करणे भाग आहे.

अमरावतीच्या एका हायस्कुलात ते भूगोल शिकवीत आणि मी गणित. वयाने ते माझ्याहून चार वर्षांनी मोठे. मी त्यांना ‘सर’ म्हणे; ते मला ‘मास्तर’ म्हणत. मुले मात्र त्यांच्या पाठीमागे त्यांना ‘कितीक दूर’ म्हणत, कारण वर्गात पाऊल टाकताच त्यांचा पहिला प्रश्न तोच असे.

“पोट्टेहो, तो फाटकाजवळचा कडुनिंब कितीक दूर हाय?”

“जाऊन मोजू का, सर?”

“जाऊन मोजाले काय अक्कल लागते? बसल्या जागेवरून सांग.”

मग सगळा वर्ग हात लांब करून अंगठा उभा धरी. एक डोळा मिटायचा, मग तो उघडून दुसरा मिटायचा. अंगठा कडुनिंबावरून उडी मारून भिंतीवर जाई. किती उडी मारली आणि दोन डोळ्यांमध्ये अंतर किती, एवढ्यावरून झाडाचे अंतर काढायला ते शिकवीत. पण त्याआधी दर वेळी एक प्रश्न ठरलेला असे.

“अंगठा हालला का?”

“नाही सर!”

“मंग हालला कोण?”

“आपण, सर!”

“हां. काई बी सरकल्यासारखं दिसलं, का आदी हे ठरवाचं. हालला कोण?”

शेजारच्या वर्गात मी समीकरणे सोडवीत असताना भिंतीपलीकडून हा गजर ऐकू येई, आणि माझ्या वर्गातली मुलेही बाकाखाली अंगठे धरून डोळे मिचकावू लागत.

या सवयीपायी ते एकदा मार खाता खाता वाचले. बडनेऱ्याला आमच्या एका सहकाऱ्याचे लग्न होते. मांडवाच्या त्या टोकाला कंदिलाचा खांब होता आणि खांबाखाली बायका बसल्या होत्या. सरांनी अंगठा धरला आणि त्या दिशेने एकदा हा डोळा मिटला, एकदा तो. नवरीचा मामा बाह्या सरसावून आला.

“काय चाललं गुरुजी तुमचं?”

“खांब मोजून राहिलो.”

“कोनता खांब? हिरव्या लुगड्यातला का?”

मी मध्ये पडलो, सरांच्या शिक्षणाची आणि सचोटीची हमी दिली, तेव्हा मामा शांत झाले. सर मात्र जेवायला बसेपर्यंत खट्टू होते. अपमानाने नव्हे, गडबडीत आकडा विसरला म्हणून. पुढे पंगतीत लाडू वाढणारा त्यांच्या पानापर्यंत केव्हा येईल, हे त्यांनी अंगठा न धरता नुसत्या अदमासाने सांगितले आणि ते बरोबर निघाले, तेव्हा कुठे त्यांचे मन जागेवर आले.

‘हात न लावता मोजाचं’ हे त्यांचे आवडते वाक्य. त्यामागे काय आहे, हे मला उशिरा कळले. त्यांचे गाव दर्यापूरकडचे, खारपाणपट्ट्यातले. तिथे जमीन काळी, कापूस चांगला आणि पाणी खारट. गावात गोड्या पाण्याची एकच विहीर होती आणि सरांच्या घरच्यांना तिच्याजवळ जाण्याची मुभा नव्हती. दूर एका बाभळीखाली घागरी मांडून थांबायचे. कुणी वाढले तर पाणी मिळायचे.

“मी पोट्टा व्हतो तवा बाभळीखाली बसून रहाटाचे फेरे मोजो,” ते एकदा मला म्हणाले. “कालच्यापेक्षा फेरे वाढले, का समजे पाणी खाली गेलं. आईले सांगो, आज वाढणार नाईत, चाल घरी. ज्याले हात लावता येत नाई ते मोजाची कला मले तवापासून आली, मास्तर. चंद्राचं मले काई नवल नाई वाटत. त्याच्याजवळ तर कोनालेच जाता येत नाई.”

हे त्यांनी हसत सांगितले. त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता.

छप्पनच्या दसऱ्यानंतर त्यांच्या घरच्या भिंतीवरचे देव गेले आणि बुद्धाची तसबीर आली. पंचांग तेवढे खुंटीवर राहिले. शाळेत एकाने त्यांना त्यावरून टोचले, तेव्हा ते म्हणाले, “चंद्राची चाल त्यात लिहून हाय. मी धर्म बदलला, चंद्रानं चाल नाई बदलली.”

त्यांच्याकडे हातभराहून लांब अशी एक सरळ काठी होती. तिच्यावर एक भोकाचा पैसा त्यांनी लाकडी चिमट्यात बसवला होता. तो काठीवरून मागेपुढे सरके. काठीचे टोक गालाशी धरायचे आणि चंद्र पैशाच्या भोकात अगदी काठोकाठ बसेपर्यंत पैसा सरकवायचा. जिथे बसला तिथे नखाने खूण करायची. काठीवर अशा खुणांची दाटी झाली होती. इतक्या खुणा कशासाठी, असे मी त्यांना कधी विचारले नाही. भूगोलाच्या मास्तरांचा छंद, एवढेच मला वाटे. मी विचारले असते, तर पुढचे सगळे टळले असते.

साठ साली मला अकोल्याच्या एका शाळेत जागा मिळाली. निरोपाच्या वेळी मला वाईट वाटत होते. सरांचा चेहरा मात्र उजळला होता.

“बरं झालं, मास्तर! दोन डोळे जवळजवळ असले, का दूरचं समजत नाई. दक्षिणेकडं तोंड करून उभे राहा. डाव्या हाताले अमरावती, उजव्या हाताले अकोला. आजपासून माहा उजवा डोळा अकोल्याले.”

“आणि मधे काय?”

“मधात मूर्तिजापूर. नाक!”

त्यांची योजना अशी होती. चंद्र आकाशातून सरकताना एखाद्या ताऱ्याला झाकतो. यालाच पिधान म्हणतात. त्या वर्षांत तो रोहिणीला झाकत असे. ताऱ्याच्या उजेडात पडलेली चंद्राची सावली तेव्हा जमिनीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे धावते. म्हणजे रोहिणी आधी अकोल्यात मालवणार, थोड्या वेळाने अमरावतीत. दोन गावांतले सरळ अंतर ठाऊक आहे. वेळांतला फरक कळला की सावलीचा वेग कळला. त्यात पृथ्वीच्या फिरण्याचा वेग मिळवला की चंद्राचा स्वतःचा वेग हाती येतो. आणि इतक्या वेगाने धावणारा चंद्र आपल्याला आकाशात किती हळू सरकलेला दिसतो, ते पंचांग सांगते. बांधावरची बैलगाडी झपकन डोळ्यांसमोरून जाते आणि क्षितिजावरची आगगाडी रेंगाळते. रेंगाळण्यावरून ती किती दूर आहे ते काढायचे. पुढे नुसते त्रैराशिक.

एका ओळखीच्या प्राध्यापकांकडून आलेल्या कोष्टकावरून सरांनी माघ महिन्यातली शुक्ल दशमी नक्की केली. संध्याकाळी आठच्या सुमारास चंद्र जवळजवळ माथ्यावर येणार होता. दोघांनी रेडिओवरच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांना घड्याळ लावायचे, बाजेवर उताणे पडून पाहायचे, आणि रविवारी मूर्तिजापूरला भेटायचे, असे ठरले. सरांकडे एकच दुर्बीण होती, पितळी, हातात मावणारी. ती त्यांनी मला दिली.

“आणि तुम्ही?”

“मले डोळा हाय. तुमाले सवय नाई, तुमाले पायजे.”

शाळेत त्यांनी मुलांना जाहीर सांगितले, “येत्या मंगळवारी मी तुमाले चंद्र कितीक दूर हाय ते सांगीन. पुस्तकातून नाई. अमरावती-अकोल्याहून.”

त्या दशमीला जठारपेठेतल्या माझ्या बिऱ्हाडाच्या अंगणात मी बाज टाकली, घड्याळ लावले आणि दुर्बीण घेऊन आडवा झालो. रोहिणी चंद्राच्या काळ्या कडेपासून बोटभर दूर, लालसर, स्थिर दिसत होती. मला आनंद झाला होता, हेही सांगितले पाहिजे. मी मनापासून तिथे पडलो होतो.

तेवढ्यात फाटक वाजले. आमच्या शाळेच्या समितीचे अध्यक्ष आले होते. उन्हाळ्यानंतर मुख्याध्यापकाची जागा रिकामी होणार होती, आणि ते माझ्याकडे पहिल्यांदाच येत होते.

“हे काय मास्तर, बाजेवर पडून कोनाची गच्ची पाहून राहिले?”

मी दुर्बीण उशीखाली सारली. का सारली, याचे उत्तर मी अजून स्वतःला नीट देऊ शकलेलो नाही. ती काही चोरीची नव्हती. मी त्यांना आत नेले, चहा मांडायला सांगितले. घड्याळ मनगटावर होते. पाच मिनिटांत उठू, असे मनाशी म्हणत होतो. त्यांनी पुन्हा विचारले, बाहेर काय चालले होते. तेव्हा मी अमरावतीच्या सरांचे नाव सांगितले आणि, जणू मला स्वतःला त्यात रस नसावा अशा स्वरात, त्यांची योजना सांगितली.

“म्हंजे तो? दर्यापूरकडचा?” अध्यक्ष बशीत चहा ओतता ओतता थांबले. “अरे बाप्पा! काल-परवापर्यंत विहिरीपासून दूर बसे, अन् आता थेट चंद्र मोजाले निघाला!”

ते हसले, आणि मीही हसलो.

कुणी मला भाग पाडले नव्हते. न हसता खाली बघता आले असते. बाहेर काम आहे असे म्हणून उठता आले असते. बाभळीखालच्या त्या घागरी या खोलीत एकट्या मलाच ठाऊक होत्या, आणि मी हसलो. ते गेल्यावर अंगणात आलो तर माथ्यावर एकटा चंद्र होता. रोहिणी गेली होती.

रविवारपर्यंत मला सत्य सांगायला भरपूर वेळ होता. मी तो गणितात घालवला. पाठ्यपुस्तकात चंद्राचे अंतर दिलेले होते. सरांचेच सूत्र घेतले, पंचांगातली त्या दिवशीची चाल घेतली, आणि उलटे गणित करून दोन गावांतल्या वेळांत किती फरक यायला हवा ते काढले. उत्तर बरोबर आले म्हणजे कुणाचे नुकसान नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. सरांना आनंद होईल, मुलांना आकडा मिळेल.

मूर्तिजापूर स्टेशनाबाहेर चहाच्या दुकानाच्या बाकावर ते माझ्याआधीच येऊन बसले होते. मांडीवर पाटी, शेजारी काठी. दोघांनी वेळा एकदम सांगायच्या असे ठरले होते, पण त्यांना धीर निघाला नाही. मी बसायच्या आतच त्यांनी आपली वेळ सांगून टाकली. मी मनात वजाबाकी केली आणि माझी सांगितली.

ते पाटीवर आकडे मांडू लागले. दुकानदार म्हणाला, “गुरुजी, उधारी एवढी झाली नाई तुमची,” त्यावर ते हसलेही नाहीत. शेवटचा आकडा आला तो पुस्तकातल्यासारखाच, जवळजवळ जसाच्या तसा. आता ते उडी मारतील, असे मला वाटले. ते पाटीकडे बघत राहिले.

“मास्तर, हे जमत नाई.”

“का? बरोबर तर आलं!”

“तेच. पुस्तकातला आकडा सरासरीचा हाय. चंद्र एका जागी राहते का? महिन्यातून एकदा जवळ येते, एकदा दूर जाते. त्या राती तो जवळ व्हता.” त्यांनी काठी उचलून खूण दाखवली. “पाहा, नेहमीपेक्षा चार बोटं अलीकडं पैसा आणावा लागला. पंचांगात चालही जलद. मंग घड्याळानं मधलाच आकडा काऊन देल्ला?”

मी गणिताचा शिक्षक. चंद्राचे अंतर बदलते हे मला माहीत नव्हते. पुस्तकात एकच आकडा होता आणि अंतर नेहमी तेवढेच असते असे मी समजलो होतो. त्या खुणांची दाटी कशासाठी होती, हे मला तिथे, त्या बाकावर कळले. बोलण्याची वेळ होती ती हीच. ते चिडले असते, कदाचित गाडीची वेळ होईपर्यंत बोललेही नसते. पण पुढच्या महिन्यांत रोहिणी पुन्हा झाकली जाणार होती; आम्ही पुन्हा मोजले असते.

मी म्हणालो, “सर, तुमच्यापाशी दुर्बीण नव्हती. चंद्राच्या उजेडात रोहिणी तुम्हाला खरी मालवण्याआधीच दिसेनाशी झाली असेल. दहा-बारा सेकंदांचा तर प्रश्न आहे.”

खोट्या वेळेपेक्षा हे वाक्य मला अधिक छळते. खोटी वेळ मी भीतीने सांगितली. हे वाक्य मी विचार करून, शास्त्राला धरून, त्यांच्याच भल्यासाठी बोलावे तसे बोललो.

त्यांनी माझ्याकडे पाहिले. संशयाने नव्हे. मग आपल्या डाव्या डोळ्यावर तळवा ठेवून समोरच्या झाडाकडे पाहिले, मग उजव्यावर ठेवून.

“असंन,” ते म्हणाले. “तुमाले काय गरज खोटं सांगाची? आन् मंग काठीची खूणही त्याच डोळ्यानं केली. एक चुकलं तर दुसरंही चुकलंच.”

त्यांनी बाहीने पाटी पुसली. गाडी आली तेव्हा काठी माझ्या हातात दिली. “हे तुमी ठेवा. तुमचा डोळा खरा हाय.”

मंगळवारी त्यांनी मुलांना काय सांगितले, ते मला एका जुन्या सहकाऱ्याकडून कळले. “चंद्र कितीक दूर ते मले नाई समजलं. अकोल्याचा डोळा बराबर व्हता, अमरावतीचा चुकला.” एवढे बोलून त्यांनी फळ्यावर नद्यांचा नकाशा काढायला घेतला. मागच्या बाकावरून कुणीतरी ‘आंधळा’ म्हणाले, आणि वर्ग हसला. त्या दिवसानंतर माझ्या जुन्या वर्गाच्या भिंतीपलीकडे तो गजर ऐकू येईनासा झाला. कडुनिंब कितीक दूर, असे त्यांनी पुन्हा विचारले नाही. उन्हाळ्यानंतर मी मुख्याध्यापक झालो.

काठी माझ्या खोलीच्या कोपऱ्यात उभी राहिली. वर्षभराने एकदा सहज अंगणात नेली आणि महिनाभर, चंद्र दिसेल त्या संध्याकाळी, पैसा सरकवून पाहिला. तो चार बोटे अलीकडे येई आणि चार बोटे पलीकडे जाई. माझ्या खुणा त्यांच्या खुणांवर जाऊन बसत होत्या. त्यांचा डोळा केसभरही चुकलेला नव्हता. तेव्हाही मी गप्प राहिलो. आता इतके दिवस झाले, आता सांगून काय उपयोग, त्यांना उगाच दुःख. आपल्या सोयीला दुसऱ्याची दया म्हणण्याची मला चांगलीच सवय झाली होती.

एकोणसत्तर साली माणूस चंद्रावर उतरला. काही दिवसांनी पेपरात आले की, तिथे एक आरसा ठेवला आहे. पृथ्वीवरून प्रकाशाचा झोत सोडतात, तो आरशावर आपटून अडीचएक सेकंदांत परत येतो, आणि त्या वेळावरून चंद्राचे अंतर पूर्वी कधी नव्हते इतके बारकाईने कळते. तो पेपर मी घडी करून ठेवला. दिवाळीच्या सुट्टीत, चंद्र अर्धा झाला असताना, काठी घेऊन अमरावतीच्या बसमध्ये बसलो.

“गुरुजी, मासे धराले चालले का?” कंडक्टरने विचारले. मी नाही म्हणालो.

सर निवृत्त झाले होते. ओट्यावर बसले होते. केस पांढरे, पाठ तशीच ताठ. मला पाहून त्यांना झालेला आनंद मला सोसवेना.

“या, मास्तर! आरशाचं वाचलं का? लय झकास काम केलं लेकाइनं. आरसा बरा असते. जे आलं ते वापस करते, मधात आपलं काई घालत नाई.” मग काठीकडे लक्ष गेले. “हे कायले आणली? मोडली का?”

“नाही, सर. ती खरी होती. तेच सांगायला आलो.”

मी सगळे सांगितले. अध्यक्ष आले ते, दुर्बीण उशीखाली सारली ते, विहिरीचे बोलणे झाले ते आणि मी हसलो ते. उलटे गणित सांगितले. मूर्तिजापूरच्या बाकावरचे वाक्य जसेच्या तसे सांगितले. अंगणात उन्हे उतरली होती आणि अर्धा चंद्र फिकट दिसू लागला होता.

त्यांनी विचारले, “मंग खरी येळ काय व्हती?”

मी सगळ्या प्रश्नांची तयारी करून गेलो होतो, याची नव्हती.

“माहीत नाही, सर. मी पाहिलीच नाही.”

हसण्याचे ऐकून त्यांचा चेहरा बदलला नव्हता. आता बदलला.

“म्हंजे ते येळ गेली,” ते हळू म्हणाले. “कोनापाशीच नाई.”

त्यांनी हात पुढे केला. मी काठी दिली. ती गालाशी धरून, एक डोळा मिटून, त्यांनी पैसा सरकवला. थोडा पुढे, थोडा मागे. पैसा जिथे थांबला तिथे थांबला. मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि माझ्याकडे वळून हात लांब करून अंगठा उभा धरला, अगदी माझ्या चेहऱ्यासमोर. एक डोळा मिटला. तो उघडून दुसरा मिटला.

“कारणं तुमी सारी सांगतली, मास्तर. उत्तर नाई सांगतलं. हालला कोण?”

“मी,” मी म्हणालो. माझा आवाज शेजारच्या ओट्यापर्यंत गेला असावा, कारण तिथले बोलणे थांबले. “तुमचा डोळा जागच्या जागी होता, सर. हाललो मी. माझं चुकलं. मला क्षमा करा.”